आखितीची घागर

माय, तुझी एक घागर अजून माझ्यापाशी आहे. आखितीला वाडवडिलांच्या नावानं पाण्यानं भरतात ना, तसली लहानशी. बाबांनी चाकावर काढलेली, तू तांबडी काव लावलेली. काव लावताना तुझी बोटं गळ्याखाली जरा जास्त टेकली होती, त्यांचे ठसे तसेच आहेत. फक्त ती भाजलेली नाही. त्या वर्षी आखिती तोंडावर आली असताना तू गेलीस आणि आपल्या घरचा आवा पुन्हा पेटलाच नाही.

तू आठवतेस ती आव्याजवळच. बाजाराला जायची वेळ होत आलीय, बाबांची घालमेल चाललीय, मी राखेभोवती घिरट्या घालतेय आणि तू मात्र लिंबाखाली निवांत बसली आहेस. गोवऱ्यांची राख पांढरी पडलीय. मी तिच्यात काडी खुपसते तशी तू माझ्या हातावर चापट मारतेस. म्हणतेस, "गार हू दे. ऊन भांड्याला वारं लागलं की तडकतंय." मला तुझा लय राग यायचा. भांडी आपलीच, भाजूनही झालेली, मग नुसतं बघितलं तर काय बिघडतं, असं वाटायचं. पण आव्यातून निघालेली पहिली घागर तू माझ्याच हातात द्यायचीस. तिची ऊब अजून तळहाताला आठवते.

तू गेलीस तेव्हा तुझा हात फिरलेल्या कच्च्या घागरी ओसरीवर रांगेनं वाळत होत्या. सुतक फिटल्यावर भावकीतल्या माणसांनी बाबांना आवा लावायचा आग्रह केला. बाबा खाली मान घालून म्हणाले, "तिच्या हातच्या हायेत त्या. आव्यात एखादी फुटली तर मला न्हाई सोसायचं." मग ते सेलूला जिनिंगवर राखणीला जायला लागले. घागरी जपायच्या म्हणून भाजल्या नाहीत आणि पावसाळ्यात पत्रा गळून एकेक घागर जागेवरच बसत गेली, पुन्हा माती झाली. भिंतीकडेची ही एक तेवढी वाचली. मी बाबांवर फार चिडले होते. आता बाबाही नाहीत आणि तो रागही नाही.

परभणीत माझी स्वतःची विजेची भट्टी आहे. मी कप करते, बरण्या करते, त्यांना निळी-हिरवी झिलई देते. तू नावं ठेवली असतीस. जे भांडं पाझरत नाही त्यात पाणी गार कसं होणार, असं म्हणाली असतीस आणि ते खरंच आहे. दर आखितीला मी विकतच्या घागरीत तुझ्या नावानं पाणी भरते. कुंभाराच्या लेकीनं विकतची घागर आणायची, याचं मला वाईट वाटतं. यंदा माझ्या मुलीनं विचारलंच, "आई, आजीची स्वतःची घागर घरात असताना आपण विकतची का आणतो?" कच्च्या घागरीत पाणी राहत नाही, एवढंच मी तिला सांगितलं. मग दोन-चार दिवस कशातच मन लागेना.

शेवटी काल ती भट्टीत ठेवली. झिलई दिली नाही, तुझी बोटं झाकली गेली असती. माझ्या कपांना लागते तेवढी आच आपल्या गाळाच्या मातीला सोसत नाही, म्हणून ती एकटीच भाजली, मंद आचेवर. भट्टी चालू होती तोवर मी पुन्हा पुन्हा कान देत होते. आवाज काही आला नाही, पण तडा नेहमी आवाज करूनच जातो असं थोडंच आहे?

उद्या आखिती आहे. तुला वाचता येत नव्हतं, आलेलं पत्र मीच तुला वाचून दाखवायचे. हे कुणाला वाचून दाखवू? मुलगी सकाळपासून विचारतेय, दार उघडायचं का. मी तिला तुझ्याच शब्दांत सांगते, गार हू दे. माय, भट्टी पहाटेच गार झालीय.