बाळंतपणाचा मान

अमरावती

आदरणीय व्याहीबुवा शालिकरामजी यांस, जानरावचा सप्रेम जयभीम.

इकडे सर्व खुशाल आहे (असं लिहायची रीत आहे). तुमची कंबर कशी आहे? अकोल्याच्या जठारपेठेतल्या तुमच्या घराचा जिना तिला मानवत नसेल. लग्नात तुमची मंडळी आमच्या आधी पंगतीला बसली आणि आपलं बिनसलं. तेव्हापासून तुमचा निरोप नत्थुजीच्या तोंडून येतो आणि वाटेत चौपट होतो. (तुमच्याकडून ‘पोरगी पाठवा’ एवढाच निघाला असेल, मला ‘पाठवा, नाहीतर पाहून घेतो’ असा मिळाला.) म्हणून मधला माणूस वगळून लिहितो.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे मला मान्य. पण प्रियदर्शनीच्या गर्भाशयात रक्तवाहिन्यांचा गुंता निघाला आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शुद्ध आणि अशुद्ध रक्ताच्या वाहिन्या मधल्या बारीक वाहिन्यांना वगळून थेट जोडल्या गेल्यात. (मध्यस्थाशिवाय व्याही समोरासमोर आले म्हणा.) त्यातली एखादी फुटली तर रक्त थांबवणं कठीण. म्हणून अकोल्याचा प्रवास बंद, इथं अमरावतीत दवाखान्याजवळ भाड्याची खोली आणि ठरवून ऑपरेशन.

हा प्रकार दुर्मिळ आहे हे कळल्यापासून आमच्या सौ. जाईबाईचे पाय जमिनीवर नाहीत. जणू सून बोर्डात पहिली आली. शेतकऱ्याच्या घरात कोणी निराश आहे काय, हे विचारत सरकारी सर्वेवाला आमच्या चांदूर रेल्वेच्या घरी आला, तर तिनं त्यालाच सोनोग्राफी समजावून सांगितली. बिचारा स्वतःच निराश होऊन गेला. मग या खोलीत डोहाळजेवण झालं. खोलीत पाय ठेवायला जागा नाही, पण सल्ला देणारे जिन्यापर्यंत. माझा चुलतभाऊ देवमन तर पुरणपोळी हातात घेऊन गरजला, “वैनी, सुनेसाठी रक्ताची नदी वाहवून देतो मी!” तेवढ्यात दवाखान्याचा माणूस रक्तगट तपासायला आला. नदी पोळीसकट जिना उतरून गेली.

सगळे हसलो. पोरगी हसली नाही. तिचा हात सारखा पोटावर असतो. मला फार भीती वाटते, शालिकरामजी.

लोभ पुढे वाढवू. तूर्त राग कमी करा.

आपला,
जानराव

ता. क. प्रियदर्शनीचा रक्तगट बी निगेटिव्ह आहे आणि तो सहजी मिळत नाही. ती म्हणते, बाबांचाही तोच. ऑपरेशन शनिवारी आहे. पोरीला माहेरी पाठवता येत नाही, तेव्हा माहेरानंच इकडे यावं. पत्र मिळताच निघा.

पुन्हा ता. क. माझं रक्त घ्या म्हणून सगळ्यांत आधी मीच आडवा झालो होतो. सुई पाहूनच शुद्ध गेली. हे नत्थुजीला कळता कामा नये. तुमचा हात धरायला मात्र मी हजर राहीन, डोळे मिटून. आणि रक्त दिल्यावर तिथं चहा-बिस्कीट देतात. या खेपेला तुमची मंडळी आधी बसली तरी मी काही बोलणार नाही.