आईच्या गाण्याचा आवाज येईना

शुक्रवार, संध्याकाळ

सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या कामावरून घरी आलो तोच थकून. नागपूरहून आलेल्या बाबांना दिवंगत आईने गायलेलं भीमगीत ऐकायचं होतं. कॉम्प्युटरवर कमांड दिली. गाणं चालू दिसतंय, आवाज नाही. पुन्हा दिली, तरी आवाज नाहीच. फाइलच बिघडली असेल तर? दुसरी प्रत नाही माझ्याकडे.

“राहू दे, दमलायस,” बाबा म्हणाले.

शेवटी सेटिंग उघडलं. आवाज माझ्या लेकीच्या ब्लूटूथ हेडफोनवर जात होता! तिच्या खोलीत गेलो, तर ती डोळे मिटून ऐकत होती.

“पप्पा, हू इज सिंगिंग? डोन्ट स्टॉप लाह,” ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

“तुझी आजी.” तिने आजीला कधी पाहिलंच नाही.

आवाज स्पीकरवर घ्यायला वळलो. दारातून बाबा म्हणाले, “थांब. आधी तिचं ऐकून होऊ दे.”