लेखकाचं नाव आवश्यक आहे

मंगळ. ३ फेब्रु.
आमच्या ‘बोळ’ मासिकाची जुनी साइट बंद करायला आज शेवटी हो म्हटलं. म्हटलं कसलं, दिलीपरावांनी म्हणवून घेतलं. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत, ड्रॉइंग ऑफिसात आयुष्य घालवलेला माणूस. एकदा रेघ मारली की मारली. मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात हे त्यांचं खरं आहे. महिन्याला एक विषय, एक अंक, आणि दरवेळी मागच्या अंकाची पानं कॉपी करून त्यात नवा मजकूर कोंबायचा, हा उद्योग इतकी वर्षं त्यांनीच केला. कंटाळायचा हक्कही त्यांचाच. आता सीएमएस नावाची तयार यंत्रणा येणार. लेख टाकला की बाकीचं आपोआप होतं म्हणे. मला ‘आपोआप’ची धास्ती वाटते.

शुक्र. ६
डोकं उठलंय. नव्या साइटचं कच्चं रूप दि.नी बघायला दिलं, त्यात अंक म्हणून काही दिसतच नाही. नुसते लेख, तेही उलटे. शेवटचा सगळ्यात वर. ‘कुलूप’ अंकाची सुरुवात गाळात गेली. आम्ही दोघं तासन्‌तास भांडून क्रम लावायचो, तो गेला उडत. प्रत्येक लेखाच्या डोक्यावर ‘३ मिनिटांचं वाचन’. कुणी विचारलं होतं? आणि आपलं शेवटचं पान, जिथं त्या महिन्याच्या सगळ्यांची नावं अकारविल्हे असतात, ते पडलंय ‘अवर्गीकृत’ नावाच्या कप्प्यात.

लेखावर नाव नाही, नावं सगळी मिळून शेवटी, ही ‘बोळ’ची पहिल्यापासूनची रीत. कुणी काय लिहिलं ते फक्त मला ठाऊक. मजकूर माझ्याकडे येतो, मी नाव काढून दि.कडे पाठवते. म्हणून तर कोडोली-मुरगूडच्या बायका लिहायला लागल्या. नाहीतर कोण लिहितंय घरातलं!

दि.ना म्हटलं, आधी क्रम सुधारा. ‘बघतो’ म्हणाले.

रवि. ८
उद्घाटन उरकलं. मला आयत्या वेळी बोलावलं, पाहुण्यासारखं. लॅपटॉपला हळदकुंकू, समोर नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा की-बोर्डवर. पेढे चांगले होते, दोन खाल्ले. घरी येऊन साइट उघडली तर प्रत्येक लेखावर नाव.

फोन केला. दि. खुशीत. चौकट रिकामी ठेवली तर यंत्रणा लेख प्रकाशित करू देत नाही, ‘लेखकाचं नाव आवश्यक आहे’ अशी लाल अक्षरं येतात. मग यांनी काय करावं? शेवटच्या पानावरची नावं घेतली आणि लेखांना वाटून टाकली. अंदाजानं!
“शैलीवरनं कळतंय की ओ ताई. आणि माणसाला श्रेय नको का?”
‘बोळ’ एवढंच घातलं असतं सगळीकडे तर काय बिघडलं असतं? ते सुचलं नाही म्हणे. उद्या काढतो म्हणाले. उद्या!

सोम. ९
सकाळी ‘वाटणी’ अंकातले लेख शोधून बघितले आणि अंगाची लाही झाली. घरातल्या पितळी बंबाच्या वाटणीचा हसवणारा लेख कोडोलीच्या सुलभाचा. तो यांनी मंगलच्या नावावर घातलाय. आणि ‘हक्कसोड’ लिहिलाय मंगलनं, तो सुलभाच्या नावावर. मंगल म्हणजे माझी कॉलेजची मैत्रीण, मुरगूडला दिलेली, आणि दि.ची सख्खी बहीण. ‘आमची मंगल गरीब हो, तिला असलं कडू जमायचं नाही,’ हे त्यांचं शैलीचं ज्ञान.

‘हक्कसोड’मधली गोष्ट साधी आहे. वडील गेल्यावर भाऊ बहिणीला गाडीत घालून कचेरीत नेतो. ‘एक सही आहे’ म्हणतो. वाटेत मिसळ खाऊ घालतो. साडी आधीच घेऊन ठेवलेली. ती न वाचता सही करते, जमिनीवरचा हक्क सुटतो. मंगलनं फोनवर सांगितलं, मी उतरवून घेतलं. गाव बदललं, माणसांची नावं बदलली. एवढ्यानंच त्या भावाला, म्हणजे दि.ना, स्वतःची ओळख पटली नाही. मुद्रितं वाचताना मला म्हणाले होते, “असला भाऊ पायताणानं हाणला पायजे.” मी पुढचं मुद्रित पुढं केलं होतं.

दुपारी सुलभाचा फोन. जुने लेख नव्या साइटवर चढले तसे ते ‘नवा लेख’ म्हणून सगळ्या वाचकांना मेलनं गेले, नावासकट. आपोआप! एक मेल तिच्या भावाच्या पोराकडे. भाऊ सकाळीच मोटरसायकलवरून दारात.
“मी लिवलंच न्हाई की ते. त्यो ऐकून घेत न्हाई. म्हणतोय, आमची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस.”
त्याच्या मुलीचं लग्न तोंडावर आलंय. पत्रिका यायची नाही, माहेरची पायरी चढायची नाही, असं सांगून गेला.

जिनं लिहिलंच नाही तिच्या भावाला ते आपलंच वाटलं. म्हणजे त्यानंही तेच केलंय! आणि ज्याचं आहे तो नारळ फोडतोय. घरोघरी एवढं सर्रास झालंय की कुणाचा लेख कुणाच्याही भावाला बसेल. संताप संताप झाला. भांडी घासायला घेतली, नको तेवढा आवाज केला.

बुध. ११
दि.नी नावं काढली. सगळीकडे ‘बोळ’. “मिटलं,” म्हणाले. कुठलं मिटतंय. सुलभाचा भाऊ तिला म्हणतो, नाव पुसलं म्हणजे तूच लिहिलंस हे पक्कं. तू नव्हंस तर कोण, ते दाखव.

संध्याकाळी दि. स्वतः आले. पडलेला चेहरा. त्या बाईवर माझ्यामुळं अन्याय झाला, घशाखाली घास उतरत नाही, म्हणाले. खरं बोलत होते, तेच वाईट. “खरं नाव सांगा. मी चौकटीत घालतो, सगळ्यांना दुरुस्तीची मेल धाडतो, कोडोलीला जाऊन त्या पावण्याचं पाय धरतो.”
ज्याचे पाय धरायला निघालेत त्यानं केलं तेच यांनी केलंय, हे जिभेवर आलं होतं. लेखिकेला विचारल्याशिवाय सांगणार नाही, एवढंच म्हटलं.

गुरु. १२
मंगलला सगळं सांगितलं. तर तिनं भाजीला काय केलंस, विचारलं. वांगी, म्हटलं. विचार करू दे म्हणाली.

तिला विचारायची पाळी माझ्यावर का यावी? सुलभाचं माहेर वाचवायचं तर मंगलचं जायचं. दोघी निरपराध. एक बया यंत्रणा, एक शहाणा माणूस, आणि भरडायचं बायकांनी.

शुक्र. १३
मंगलचा फोन. आवाज शांत.
“नाव घाल माझं. सुलभाला कशाला तरास? पर तू घालू नगंस. दादाला घालू दे, त्येच्या हातानं.”
बरी आहेस ना, विचारलं. “व्हय की, बरं न्हाई व्हायला काय झालं,” म्हणाली. मलाच रडू आलं.

शनि. १४
दि. सकाळी आले. लॅपटॉप उघडला, लेख काढला, लेखकाच्या चौकटीत कर्सर. “बोला ताई.”
“मंगल.”
“कुठली?”
“तुमची.”
हसले. तिचा तो बंबाचा आहे, तुमचा घोळ होतोय, असं मलाच समजावायला लागले. तो सुलभाचा, हा मंगलचा, मी स्वतः उतरवून घेतलाय, म्हटलं. आवाज चढला माझा, चढू दिला. मग ते लेख वाचायला लागले. पहिल्यापासून. मध्ये एकदा चष्मा काढून पुसला.

“ती कधी काय बोलली नाही की,” म्हणाले.
“बोलली की. तुम्हीच मुद्रितं तपासलीत.”

चौकटीत ‘बोळ’ होतं तसंच. त्यांनी लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला, चहा न घेता गेले. जुन्या साइटच्या फायली माझ्याकडेही असायच्या. नव्या साइटचा पासवर्ड त्यांच्या एकट्याकडे आहे, हे ते गेल्यावर लक्षात आलं. दोनदा फोन केला, उचलला नाही.

दुपारी मंगल. “घातलं काय नाव?”
नाही म्हटलं. पासवर्ड त्यांच्याकडेच आहे, मला घालता येत नाही.
“सातबारा बी त्येच्याकडंच हाय,” म्हणाली, आणि धार काढायची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

सुलभाचे तीन मिस्ड कॉल आहेत. तिला काय सांगायचं, अजून सुचलेलं नाही.