तिचं नाव बाई

नगर, सोमवार, १२ जून १९७२

संध्याकाळपासून चैन नाही. चर्चमध्ये दाखले देण्याचं काम माझ्याकडे; त्यासाठी मागे बाप्तिस्म्याच्या वहीवरून मी दोन याद्या केल्या, एक नावांची, एक वडिलांच्या नावांची. शोधायला सोपं जावं म्हणून 'बाई', 'राव' ही शेपटं सगळीकडून काढून टाकली. सगुणाबाईची सगुणा झाली. शहाणपणच वाटलं होतं तेव्हा.

घोडेगावची एक विधवा सुईणीच्या शिक्षणासाठी जन्माचा दाखला मागत दोनदा आली. नाव विचारलं तर म्हणे, 'बाई'. मला वाटलं, लाजते आहे. बापाचं नाव संतू, तेही यादीत सापडेना. दोनदा परत पाठवली.

आज पुन्हा आली. "गुरुजी, माजं नावच बाई हाय. दुसरं कुनी ठेवलंच न्हाई."

मग मूळ वही काढली. 'बाई, बाप संतू, घोडेगाव.' 'बाई' काढल्यावर नाव कोरं उरलं, म्हणून मी ती अख्खी ओळच दोन्ही याद्यांतून गाळली होती. एवढं कसं कळलं नाही मला?

दाखला लिहून दिला.

"अर्जाचा उद्याच शेवटचा दिस हाय. घेत्याल ना मला तितं, सुईणीच्या शिक्षनाला?"

मी हो म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो?