मागच्या दिव्याची वायर

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. पत्र बघून चक्रावला असशील. घरात फोन असताना हा शहाणा कागद कशाला खराब करतोय, असं वहिनीला म्हणालाही असशील. पण फोनवर तुझं 'बरं आहे, ठेवतो' दोन मिनिटांत येतं, आणि मला जे विचारायचंय त्याला आकृती लागते.

तर बातमी अशी की बाबांची मोटरसायकल मी शेडमधून बाहेर काढली आहे. हो, तीच. एकतीस वर्षं ताडपत्रीखाली होती. सीटमध्ये उंदरांच्या किती पिढ्या नांदल्या देव जाणे. इंजिन एका मिस्त्रीकडून उघडून घेतलं. म्हाताऱ्या माणसासारखं खोकत खोकत शेवटी ते चालू झालं. वायरिंग मात्र मी घरीच करतोय. जुनं सगळं उपटून नवं टाकायचं, सहा व्होल्टचं बारा व्होल्ट करायचं, हँडल खाली घ्यायचं, मडगार्ड आखूड करायचं, टाकीला काळा रंग द्यायचा. लिफ्टच्या वायरिंगमध्ये माझा जन्म गेला, मोटरसायकलची काय मिजास, असं वाटलं होतं. पण जुन्या वायरींचे रंग उडून सगळ्यांचा एकच रंग झालाय, मळकट. कुठली कुठे जाते पत्ता लागत नाही.

मागची सीट काढून गाडी एकट्यापुरती करणार होतो. हल्ली तशीच फॅशन आहे. बाबांनी चाचपून बघितलं आणि म्हणाले, माझी जागा काढतोस होय. मी सीट परत लावली.

त्यांना आता उजेड तेवढा कळतो. बाकी सगळ्या सावल्या. पण मी कामाला बसलो की खुर्ची ओढून शेजारी येतात, ताठ पाय पुढे पसरतात, काठी मांडीवर आडवी ठेवतात आणि बोटांनी वायरी चाचपत मला शहाणपण शिकवतात. त्यांचा नियम आठवतो ना? गाडी दाराबाहेर काढताना मागच्या दिव्यामागे तळहात धरायचा, हातावर लाल उजेड पडला तरच निघायचं. परवा गाडीत अजून बॅटरीसुद्धा नव्हती, तरी विचारतात कसे, "हात धरलास का?"

तर काम असं आहे की मागच्या दिव्याची वायर कुठल्या रंगाची होती आणि सीटखालून कशी जायची, हे आठवेल तसं काढून पाठव. ती गाडी तुझ्याइतकी कोणालाच माहीत नव्हती. तुझ्या हाताला अजून आठवत असेल, जरी तू त्यानंतर कुठल्याच गाडीला हात लावला नाहीस तरी.

सीटखाली बाबांच्या बोटांना एक जुना जोड लागला. कोणाचा म्हणून विचारत होते. मी काहीतरी सांगितलं, विषय संपला.

बाकी ठीक. बाबा तुझी फार आठवण काढतात असं लिहिणार होतो, पण तुला खोटं लगेच कळतं. वहिनीला नमस्कार.

तुझा
छोट्या


२३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. आकृती इतकी नेटकी आहे की आमच्या ऑफिसातल्या साहेबाला दाखवून लाजवावं. रंगीत पेन्सिली कोणाच्या ढापल्यास? मागच्या दिव्याची वायर तपकिरी, हे बरोब्बर निघालं. क्लचच्या केबलशी घासते म्हणून लिहिलंस तेही खरं, मी तिथे जाड नळी घातली.

नवं वायरिंग ओढून झालं. मागच्या दिव्याचा सोडून प्रत्येक जोड सोल्डर केलाय, वर प्लास्टिकची स्लीव्ह चढवली आहे. कामावर मला सगळे हसतात. मी दुसऱ्याने केलेला प्रत्येक जोड उघडून बघतो, नुसती पिळलेली वायर दिसली की अख्खी लाइन बंद करतो. नाकाने कांदे सोलतो म्हणतात. म्हणू देत. हेडलाइट झकास लागतो. हॉर्न पहिल्यांदा वाजला तेव्हा शेजारच्या काकू दचकून बाहेर आल्या.

हे सगळं मी भराभर लिहितोय, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

तू आकृतीखाली तीन ओळी लिहिल्या आहेस. त्या संध्याकाळी दिव्यामागे हात धरला होता असं इतकी वर्षं पक्कं वाटायचं, आता खात्री नाही. बहुतेक धरलाच नसेल. बाबांना सांग, चूक माझीच होती, जमलं तर माफ करा म्हणावं.

दादा, तू हात धरला होतास. मी पायरीवर बसून बघत होतो. बाबांना छापखान्यातून आणायला तू निघालास, बटण दाबलंस, वाकून तळहात धरलास, आणि तळहात लाल झाला. मला आठवतंय, कारण मी श्वास रोखून बसलो होतो. दिवा लागेल की नाही याची धाकधूक मला होती. तुला नव्हती, तुला काही माहीतच नव्हतं.

आदल्या आठवड्यात, तू घरी नसताना, मी सीटखाली एक हिरवा बल्ब बसवला होता. मित्रांवर छाप पाडायला. त्यासाठी तपकिरी वायर कापली. मग तू बघून बदडशील या भीतीने दोन दिवसांत बल्ब काढला आणि कापलेली टोकं हातानेच पिळून जोडली. घरात टेप नव्हती. आईच्या औषधांच्या डब्यातली, जखमेवर लावायची चिकटपट्टी गुंडाळली. गाडीच्या हादऱ्यांनी तो जोड सुटला. तू छापखान्याच्या वाटेवर असताना सुटला, की बाबा मागे बसल्यावर, ते मला माहीत नाही. परतताना अंधारात मागच्या टेंपोला तुम्ही दिसलाच नाहीत, आणि त्याचा कोपरा बाबांच्या गुडघ्याला लागला.

इथपर्यंत मी पोरवयाचा होतो असं म्हणता येईल. म्हणत आलोही आहे, मनातल्या मनात. पण खरी लाज याच्या पुढची आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आपल्या दारात आणून ठेवली होती. तू आणि आई दवाखान्यात. मी सीट उचलून बघितलं. पट्टी लोंबत होती, टोकं सुटी होती. तसाच धावत येऊन तुम्हाला सांगायचं सोडून मी ती टोकं परत पिळली, नवी पट्टी गुंडाळली, सीट बसवली आणि हात धुतले. दुपारी कोपऱ्यावरचा मेकॅनिक गाडी बघायला आला. त्याने बटण दाबलं, दिवा लागला. तो बिचारा दवाखान्यात जाऊन जे दिसलं ते बाबांना सांगून आला, की दिवा तर ठणठणीत आहे.

मग बाबांनी तुला विचारलं, दिवा लावला होतास का. तू म्हणालास, लावला होता, हात धरून बघितलाही होता. बाबा काय म्हणाले ते तुला माझ्याहून जास्त पाठ असेल. "गुडघा गेला त्याचं मला काही नाही. पण तू तोंडावर खोटं बोलतोस." पलंगाच्या पायथ्याशी चहाचा थर्मास घेऊन मी उभा होतो. मूग गिळून. थर्मास गरम होता आणि मी तो बदलून बदलून या हातातून त्या हातात घेत होतो, एवढंच केलं मी.

त्यानंतर तुमचं बोलणं 'जेवलास का' आणि 'निघतो' एवढ्यावर आलं. दोन वर्षांनी तू दुसऱ्या गावी नोकरी धरलीस. आई जाईपर्यंत विचारत राहिली की या दोघांचं नेमकं बिनसलं कशावरून. मलाच विचारायची, कारण मी घरातला समजूतदार.

आणि मागच्या पत्रात मी लिहिलं, जोड कोणाचा म्हणून बाबांनी विचारलं आणि मी 'काहीतरी सांगितलं'. काय सांगितलं ते ऐक. मी म्हणालो, दादाचा असेल. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, केस पिकल्यावर, पट्टी बोटात धरून मी तुझं नाव घेतलं. जीभ जराही अडखळली नाही. बाबा म्हणाले, म्हणजे जोडही त्याचाच, आणि वर हात धरला म्हणे.

मग तुझं पत्र आलं. बाबांना पत्रं मीच वाचून दाखवतो. नको त्या ओळी गाळायची मला सवय आहे. या तीन ओळी गाळल्या नाहीत. खरेपणाने नव्हे. मला वाटलं, हे ऐकून ते निवळतील आणि माझी सुटका होईल. तसंच झालं. म्हणाले, कबूल केलं शेवटी. ये म्हणावं त्याला. बाहेरच्या खोलीतली खाट त्याला दे. त्यांचा आवाज इतका मऊ झाला होता, दादा, तसा मी आई गेल्यापासून ऐकला नव्हता. मी गप्प बसलो असतो तर तू आला असतास, त्यांनी तुझ्या पाठीवरून हात फिरवला असता, तुलाही बरं वाटलं असतं. तुला माफी मिळाली असती, न केलेल्या गोष्टीची. आणि मी तुम्हा दोघांना चहा करून दिला असता. दोन दिवस मी हा विचार चघळत होतो. मला तो आवडलाही होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीपाशी बसलो होतो, तर बाबा कुंपणापाशी उभे राहून शेजारच्या काकूंना सांगत होते, मोठा येणार आहे, त्याने चूक मान्य केली, मोठं मन लागतं त्याला. काकू म्हणाल्या, हो ना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते खुर्चीवर येऊन बसले आणि मी सगळं सांगून टाकलं. वरच्या क्रमानेच सांगितलं. सोल्डरिंग आयर्न हातात तसंच तापत होतं, बाबा म्हणाले आधी ते बंद कर.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तो जुना जोड मागितला. पट्टी नखाने सोलून बघितली, टोकांवरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "आणि मी त्याला काय काय बोललो होतो?" मी म्हणालो, तुम्हाला आठवत असेल. म्हणाले, "मला आठवतंय. तू सांग." मला सांगावं लागलं. एकेक वाक्य. ते मान हलवत होते, हजेरी घेतल्यासारखी. शेवटी जोड खिशात टाकला आणि काठी टेकत आत गेले.

काल त्यांनी मला बोलावलं. गाडीचं किती राहिलंय विचारलं. मी म्हटलं मागचा दिवा तेवढा राहिलाय, दहा मिनिटांचं काम. तर म्हणाले, त्या वायरीला तू हात लावायचा नाहीस. तो येईल, तो जोडेल, तो हात धरेल. मला काही दिसत नाही, कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवावा लागणार. "तो म्हणाला लागला, तर लागला." मी विचारलं, नाही आला तर? म्हणाले, तर गाडी अशीच उभी राहील, मीही असाच बसेन, आणि आम्हा दोघांकडे बघत तू राहा.

तेव्हा गाडी दारात उभी आहे. तपकिरी वायरीची दोन टोकं सोलून, वेगवेगळी करून ठेवली आहेत. सोल्डर, आयर्न, स्लीव्ह सगळं खाटेखालच्या डब्यात आहे. मागची सीट आहे तिथेच आहे.

ये असं म्हणायचं तोंड मला नाही. माफ कर असंही म्हणत नाही, ते मागायला तरी काहीतरी खरं बोललेलं असावं लागतं, आणि माझं खरं बोलणं अजून चारच दिवसांचं आहे. फक्त एवढं कर, पुन्हा कधी स्वतःशीसुद्धा म्हणू नकोस की हात धरलाच नसेल. तळहात लाल झाला होता. मी साक्षीदार आहे. एकतीस वर्षं उशिरा आलेला.

तुझ्या खरेपणावर पोसलेला,
तुझा धाकटा भाऊ

ता. क. पाकीट बंद करण्याआधी हे पत्र बाबांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. एकही ओळ गाळली नाही. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. 'खरी लाज याच्या पुढची आहे' असं लिहिलंय तिथे मी आधी 'खरी चूक' लिहिलं होतं. ते म्हणाले, वायरीची ती चूक होती, नंतरची चूक नव्हे, नीट लिही. म्हणून तिथे खाडाखोड दिसेल.