दादांचा ठिय्या

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी नववीला संस्कृतची धातुसाधिते शिकवली. गत, मृत, उपविष्ट. वर्गास निद्रा आली. अध्यापकासही येत होती, परंतु त्यास वेतन आहे.

दुपारी वहिनींच्या रानात रस्त्याचे साहेब आले. वयाने कोवळे, वाणीने मधुर. नकाशा बाजेवर पसरून चार कोपऱ्यांवर चार ढेकळे ठेवली. नव्या रेल्वे स्थानकाकडे जाणारा रस्ता रानाच्या पूर्वेच्या कोपऱ्यातून जाणार. त्या कोपऱ्यात दादांची समाधी. रस्ता अलीकडे वळवावा तर विहीर जाते. पलीकडे ओढा. सारांश, विहीर अथवा दादा. साहेबांनी हे इतक्या सौम्यपणे सांगितले, की क्षणभर ते आम्हांस काहीतरी देण्यासाठी आले आहेत असे वाटले.

"मावशी, समाधी थोडी बाजूला घेता येत असेल तर बघा. लगेच नाही. या महिन्यात सांगितलं तरी चालेल."

वहिनी तूर पाखडत होत्या. सूप थांबले नाही. मग उठून चहा केला, सर्वांना दिला, पुन्हा सूप घेतले. 

दादा गेल्या आषाढात गेले. माझे ज्येष्ठ बंधू. आयुष्यभर या जिल्ह्यात रेल्वे यावी म्हणून भांडले. रुळांसाठी पलीकडच्या बांधाची जमीन गेली तेव्हा सही करायला नवा सदरा घालून गेले होते. आता रूळ आले, स्थानक होत आहे, आणि रस्त्यात कोण, तर दादा.

मला काय वाटले, हे येथे लिहिणे रोजनिशीच्या शास्त्रानुसार क्रमप्राप्त. शोधून पाहिले. सापडले नाही.

४ फेब्रु., बुध.

व्यापारी मंडळाचे अध्यक्ष शाळेत अवतीर्ण. अठरा तारखेस चाचणीचे इंजिन आमच्या शिवारापर्यंत येणार. छोटेखानी सभा. त्यात दादांचे शिकागो मी सांगावे.

दादांचे शिकागो, हा या पंचक्रोशीतील मौखिक वाङ्मयाचा सर्वज्ञात ग्रंथ. कोणत्या तरी जुन्या मासिकात दादांनी अमेरिकेतील त्या नगराची कथा वाचली आणि ती त्यांना लागली, जशी एखाद्यास तंबाखू लागते. प्रत्येक धरण्यात, प्रत्येक रास्ता रोकोत, एकदा तर एका बारशात: "चिखल होता, चिखल. दलदल. चार लाकडी घरं. रेल्वे आली आन् बघा." मग गहू, मग गुरे, मग लाकूड, मग गगनचुंबी इमारती. शेवटी आवाज खाली आणून: "आन् आपल्याकडं चिखल तर हायच. अर्धं काम झालंय."

स्वतः पुण्यापलीकडे गेले नाहीत. पुण्यासही एस.टी.ने.

मी होकार दिला. नकाराला कारण लागते.

६ फेब्रु., शुक्र.

रहीमभाई आले. बस स्थानकामागे ट्रॅक्टर दुरुस्तीचे गॅरेज. दादांचे बालमित्र, सर्व आंदोलनांतील सहआरोपी. रस्त्याचे त्यांच्या कानावर गेलेले. बराच वेळ हाताचे ग्रीस पुसत बसले. ग्रीस नव्हतेच.

मी विषयांतरार्थ शिकागोतील एक हकिकत सांगितली. नगर दलदलीत, गटारे वाहीनात, म्हणून त्या लोकांनी अख्ख्या इमारती खालून स्क्रू-जॅक लावून उचलल्या. एक विटांचे मोठे हॉटेल उचलले, तेव्हा आत पाहुणे राहत होते.

रहीमभाई म्हणाले, "मपला जॅक धा टनाचा हाय. पर दादाला न्हाई पुरायचा."

ते खरे आहे. ठिय्या आंदोलनात दादा एकदा मांडी घालून बसले, की पोलिसांचे चार जण लागत. शरीरयष्टी माफक, परंतु बसण्यात काही सिद्धी होती. उचलून गाडीत ठेवले तरी मांडी तशीच. फौजदार एकदा रहीमभाईंना म्हणाला होता, तुमच्या मित्राचा पाय तरी सोडवून द्या.

आम्हां लिंगायतांत मृतास बसवून माती देतात. मांडी घालून, हातात इष्टलिंग, अंगास भस्म. आषाढातल्या त्या दुपारी दादांना खड्ड्यात बसवले, आणि काठावरून रहीमभाईंचा आवाज आला होता: "आता बी बसलाच का बे."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. रडल्या की हसल्या, यावर घरात अद्याप एकमत नाही.

आज जाताना रहीमभाई दारात थांबले. म्हणाले, "गुरुजी, आख्ख्या जिंदगीत त्याच्या एका बी धरण्यानं काम थांबलं न्हाई. ह्या धरण्यानं थांबलंय बघा. पर कोनाचं? रेल्वेचंच."

मी हसलो. हसण्याचे स्नायू कार्यरत आहेत, इतकी नोंद.

९ फेब्रु., सोम.

स्वामींना बोलावले. घराण्याचे जंगम, वृद्ध, निर्णयात तत्पर. मत असे, की दादा शिवात मिळाले. तेथे आता दादा नाहीत, माती आहे. मूठभर माती घ्यावी, विहिरीपाशी नवी समाधी बांधावी, मंत्र म्हणू. शास्त्रास अडचण नाही.

सौ.ला पटले. मलाही पटले. मला हल्ली सर्वच पटते. सकाळी एक व दुपारी त्याच्या विरुद्ध.

वहिनींनी स्वामींच्या पाया पडून एकच विचारले: "बसलेल्या मानसाला काहून उठवायचं, म्हाराज?"

स्वामींनी चष्मा पुसला. म्हणाले, उठवायचे नाही, बाई, फक्त माती. वहिनींनी मान हलवली. ती होकाराची नव्हती व नकाराचीही. अशी मान हलवण्याची विद्या त्यांनी संसारात हस्तगत केली असावी.

११ फेब्रु., बुध.

शाळेनंतर ग्रंथालयात. भाषणाची पूर्वतयारी. अस्मादिकांनी शिकागोचे संशोधन आरंभिले आहे, ही वार्ता शिपायाने चहावाल्यापर्यंत पोहोचवली.

नगराचे नाव तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतून; अर्थ रानकांदा. म्हणजे संस्कृतात पलांडुपुरी. दादांना हे सांगितले असते तर पुढील सर्व भाषणांत आले असते.

दादा सांगत ते सर्व खरे. चहू दिशांचे रूळ तेथे येऊन संपत, म्हणून माणूस व माल दोन्ही तेथे उतरत, आणि उतरलेल्यांचे नगर होत गेले. मात्र काही गोष्टी दादा सांगत नसत. पूर्वी गहू पोत्यातून जाई. कोणाचे पोते ते ओळखू येई. पुढे प्रत पाहून एकाच उंच कोठारात ओतू लागले. शेतकऱ्यास चिठ्ठी मिळे, स्वतःचा गहू पुन्हा दिसत नसे. प्रत्येक गावाचे स्वतःचे मध्याह्न होते. रेल्वेवाल्यांनी त्याच नगरात बैठक घेऊन सर्वांच्या घड्याळांचा निकाल लावला. रूळ भर रस्त्यातून. फाटकांवर माणसे मरत, पुष्कळ वर्षे, नंतर रूळ वर उचलले.

आणि एक. नगर वाढले तसे जुने दफनस्थान हलवून बाग केली. एक दगडी थडगे मात्र तेथेच राहिले. ज्या हॉटेलाला जॅक लावून उचलले, त्याच हॉटेलवाल्याचे. का राहिले, याबद्दल मतभेद आहेत. हॉटेल उचलले गेले, मालक नाही. भोवती बाग झाली.

हे वाचून पुस्तक मिटले. ग्रंथपाल म्हणाले, बंद करायची वेळ झाली. मला वाटले माझ्याविषयीच बोलतात.

१५ फेब्रु., रवि. महाशिवरात्र.

वहिनी बेल घेऊन समाधीवर गेल्या. मी सोबत, पाण्याची कळशी वाहण्याचे मानाचे पद भूषवीत. रस्त्याच्या माणसांनी चुन्याच्या फक्कीच्या दोन पांढऱ्या रेघा ओढून ठेवलेल्या. रेघा समाधीच्या ओट्यापर्यंत येतात, थांबतात, पलीकडून पुन्हा सुरू होतात. ओढणारा अदबशीर असावा.

वहिनींनी ओटा सारवला. बेल वाहिला. मग खाली बसून, समाधीकडेच पाहत, मला म्हणाल्या:

"भावजी, ह्यांनी आख्खा जलम लोकाच्या वाटंवर बसून काढला. दुकानात बसा म्हनलं, न्हाई बसले. दुकान म्या चालिवलं. जेवाया बसा म्हनलं तर ताट झाकून ठिवायचं. आता कुठं मपल्या रानात बसलेत. कुठं जात न्हाईत. अन् तुमी समदे म्हन्ता, उठवा."

मी तसे म्हणालो नव्हतो. परंतु न म्हणणे हेही वहिनींनी ऐकले होते.

मी म्हणालो, "वहिनी, दादांना रेल्वेच हवी होती. त्यांना विचारलं असतं तर स्वतः उठून बाजूला झाले असते."

"ठावं हाय," वहिनी म्हणाल्या. "म्हनून तर इचारत न्हाई."

परतताना विहिरीत डोकावल्या. पाणी अजून आहे. पाण्यात दोघांची डोकी दिसली. त्यांतले एक माझे, हे टकलावरून निश्चित केले.

घरी आल्यावर सौ. म्हणाली, तुम्ही तरी रडा एकदा. मी म्हटले, यादीत घेतो.

१८ फेब्रु., बुध.

इंजिन आले. रानाच्या कडेला मांडव, ध्वनिक्षेपक, हार, शाळेची मुले. बायका छपरांवर. माणसे दिंद्रुड गावापासून आलेली. रहीमभाईंनी दादांची तसबीर छातीशी धरलेली.

माझे भाषण. "चिखल होता, चिखल," म्हणालो, आणि समोरून शेकडो कंठांतून: "रेल्वे आली आन् बघा." थांबावे लागले. दादांचे वाक्य दादांच्याच लयीत सर्वत्र होते. केवळ दादा नव्हते. हे मला कोणीतरी कळवल्यासारखे कळले, जशी परगावची बातमी.

गव्हाचे सांगितले. गुरांचे सांगितले. मग चिठ्ठी घेऊन परतणाऱ्या शेतकऱ्याचे, फाटकांचे, आणि बागेत राहिलेल्या त्या थडग्याचे सुरू केले.  अध्यक्ष कानाशी आले. "गुरुजी, ऱ्हाऊ द्या ते. आज चांगला दिवस हाय."

रास्त होते. पुन्हा चिखलाकडे वळलो. टाळ्या.

इंजिन हळूहळू येऊन थांबले. रहीमभाई तसबीर घेऊन पुढे गेले व तिचे तोंड इंजिनाकडे करून उभे राहिले. चालकाने खिडकीतून वाकून नमस्कार केला. इंजिनाच्या गळ्यातला एक हार काढून रहीमभाईंनी तसबिरीला घातला, आणि तेथेच, हात मोकळे नसल्यामुळे, डोळे न पुसता रडले. माझे डोळे कोरडे, एवढी धूळ असूनही.

वहिनी सभेस नव्हत्या. वळून पाहिले तर दूर रानाच्या कोपऱ्यात समाधीशेजारी उभ्या होत्या. शिट्टी झाली तेव्हा त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, जसा वडीलधारे माणूस घरात आल्यावर घेतात.

२१ फेब्रु., शनि.

साहेब उत्तरासाठी आले. ओशाळलेले. वहिनींनी चहा दिला व समोर बसून बोलल्या. साहेबांशी बोलल्याचा हा पहिलाच प्रसंग.

"गाडी रोज येनार का?"

"येईल मावशी. पुढे मागे रोज येईल."

"मंग येऊ द्या. चांगलं हाय. ह्यांची लई विच्छा व्हती."

साहेबांचा चेहरा उजळला. नकाशा उलगडू लागले. ढेकळे शोधू लागले.

"समाधी हलनार न्हाई," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे विहीर…"

"विहीर बी न्हाई."

"मावशी, मग रस्ता कुठून नेऊ?"

"रस्ता तुमचा हाय, बाबा. तुमी बघा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. सुशिक्षित माणूस म्हणून. मी नकाशाकडे पाहिले. नकाशात दादा नव्हते; तेथे केवळ कोपरा होता. साहेब म्हणाले, वर कळवतो, पण यंत्र ठरल्याप्रमाणे सोमवारी येणार, ते माझ्या हातात नाही.

रात्री सौ.ने विचारले, तुमचं मत काय? मत विहिरीच्या बाजूने आहे, समाधीच्या बाजूने आहे आणि रेल्वेच्या बाजूने आहे, असे निवेदन केले. ती कूस बदलून झोपली.

२३ फेब्रु., सोम.

शाळेत रजेचा अर्ज. कारण: 'घरगुती'.

जेसीबी सकाळीच आला. पिवळा, अवाढव्य, गणपतीसारखी सोंड पुढे. फक्कीच्या रेघांमधून ओट्याच्या अलीकडे येऊन थांबला. चालक बंद करून खाली उतरला, कारण समोर वहिनी होत्या. समाधीशेजारी गोणपाट टाकून, सूप मांडीवर घेऊन, उरलेली तूर निवडीत होत्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही. चालकाला म्हणाल्या, उन्हात काहून उभा ऱ्हातोस, चिंचंखाली बस. तो बसला. साहेबांना फोन लागत नाही म्हणाला.

थोड्या वेळाने रहीमभाई आले. काय झाले ते पाहिले. समाधीच्या दुसऱ्या अंगाला, चपला काढून, बसले. गुडघ्यांतून आवाज आला.

मी चहाची किटली व पेले घेऊन बांधावर उभा होतो. काय करावे याविषयी माझ्यापाशी तीन मते होती, तीही सुसंगत. दादा हवे होते. दादा असते तर तेच जेसीबीला वाट दाखवीत पुढे चालले असते, आणि वहिनी अशाच बसल्या असत्या.

साहेबांची जीप दूर फाट्यावर वळताना दिसली. धूळ उठली. चालक उभा राहिला.

वहिनींनी गोणपाट थोडे सरकवले. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "बसा भावजी."

माती सकाळची होती, अजून गार. मांडी घालताना एक पाय दुसऱ्यावर जाईना; हाताने उचलून ठेवला.