चार मोसंब्यांचा रस

१२ जानेवारी २००४, सोमवार

आपा आल्या. मुमताजआपा, यांच्या थोरल्या बहीण. दौंडहून पहिली एसटी धरून तळेगावात हजर! दोन पिशव्या मोसंबी, आणि रस काढायचं हाताचं यंत्र.

परवा कंपनीच्या मेडिकल कँपात यांची शुगर निघाली. रक्तात चरबीपण वाढलेली. कंपनीतून परस्पर डॉक्टरांना दाखवून आले. मला एवढंच म्हणाले, "चहातली साखर बंद, मटण कमी, तेल कमी. गोळी रोज. बाकी काही नाही." मी दौंडला कळवलं नव्हतं. यांनीच फोन केला. या घरातलं सगळं आधी दौंडला कळतं, मग मला.

"गोळ्यांनी काय होतंय गं निखत? फळाचा रस पोटात गेला की रक्त साफ हुतंय."

यांनी मान डोलावली. आपांनी काही म्हटलं की ती मान डोलते.

१७ जानेवारी

रोज तीन गिलास. सकाळी मोसंबी, कामावरून आल्यावर डाळिंब, जेवणानंतर पुन्हा मोसंबी. मोठे गिलास, लस्सीचे. चोथा बादलीत, शेजारच्या अनसाबाईंच्या शेळीला. शेळी खूश!

२ फेब्रुवारी

बकरी ईद. यांनी मटणाला हात लावला नाही. आपांच्या डोळ्यांत पाणी — "माझा शाहनवाज कसा पथ्यानं राहतो बघा!" पाहुण्यांनीही वाहवा केली. मग पथ्यवाल्यांनी द्राक्षाचा रस घेतला. दोन गिलास.

११ फेब्रुवारी

शाळेच्या कामानं शिरूरला गेले होते, येताना यांचा रक्ताचा रिपोर्ट आणला. उपाशीपोटीची शुगर जानेवारीत १६८, आता २१२. चरबी तर दीडपट. डॉक्टरांनी विचारलं, काय खातात? सांगितलं, काहीच नाही हो, सगळं सोडलंय. काय पितात? मी 'रस' म्हणाले आणि त्यांनी पेनच खाली ठेवलं.

"बाई, चार मोसंबी सोलून खायला बसलात तर दोनावर थांबाल. रस मात्र एका दमात जातो. चोथा तुम्ही टाकून देता, साखर तेवढी पोटात. ती झटक्यात रक्तात चढते, आणि उरलेली लिव्हर चरबी करून ठेवतं. शुगरवाल्या माणसाला दिवसाला तीन गिलास? अहो, फळ खाऊ द्या. एक. चावून. ते पिऊ देऊ नका."

घरी येऊन शब्द न् शब्द सांगितला. आपा हसल्या. "फल का रस है, जहर थोडीच है!" मग भावाकडं वळून — "नवऱ्याला फळं पाजायचं हिच्या जिवावर आलंय."

मी यांच्याकडं बघत राहिले. आता तरी बोलतील. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "डॉक्टर मला असलं काही बोलले नाहीत."

म्हणजे मी खोटी. एकोणीस वर्षं मुलांना शिकवते मी, पण घरात माझा शब्द म्हणजे फळ्यावरचा खडू. कुणीही पुसावा.

५ मार्च

पदोन्नतीचा कागद आला! मुख्याध्यापिका. पाबळच्या बाजूची शाळा, दोन जीप बदलून जायचं. जाईन की! शाळेत पेढे वाटले. गुरुजी लोक म्हणाले, "निखतबाई, आता तुमची सही चालणार."

६ मार्च

नाही चालणार.

"आजारी माणूस टाकून पाबळला जाणार तू?" हे. "पोरीची दहावी तोंडावर आलीय." हेही हेच. आजारी माणूस रोज आठ तास मशिनवर उभा राहतो, ते चालतं. आपा बाजूला बसून डाळिंब सोलत होत्या. नकाराचं पत्र यांनीच लिहिलं, यांच्या अक्षरात — 'घरगुती अडचणीमुळे मी पदोन्नती स्वीकारू शकत नाही.' पेन माझ्यापुढं केलं.

मी सही केली. का केली? चालली शेवटी माझी सही, तीही यावर!

९ मार्च

बोलणं बंद. जेवायला वाढलंय, एवढंच. यांना फरक पडत असेल असं वाटत नाही.

२२ मार्च

आपा दौंडला गेल्या, सुनेचे दिवस भरलेत म्हणून. जाताना मला ऐकू जाईल असं — "मी गेल्यावर हिच्याच्यानं काय व्हायचं न्हाई. रस बंद पडणार बघ."

नाही पडणार! आजपासून मी काढते. चाराच्या जागी पाच मोसंबी. काठोकाठ भरून नेऊन दिला. यांनी वर पाहिलं, माझ्याकडं, मग गिलासाकडं. एका दमात प्यायले.

प्रेमानं नाही दिला. इथं तरी खरं लिहू दे. पी म्हणावं! किती प्यायचाय तेवढा पी.

२ एप्रिल

नवा रिपोर्ट मीच आणला. शुगर २८१. चरबीच्या आकड्यापुढं लाल खूण. डॉक्टर नव्हते. कंपाउंडर म्हणाला, "उद्याच घेऊन या, उशीर करू नका." कपाटात, साड्यांच्या खाली ठेवला.

संध्याकाळी यांनी विचारलं, "काय आलं?"

"बरं आहे."

'जेवायला वाढलंय' सोडून महिन्याभरात मी यांच्याशी बोललेले पहिले दोन शब्द.

३ एप्रिल

रस दिला.

१४ एप्रिल

आसमीन स्वयंपाकघरात आली. मी मोसंबी कापत होते.

"मम्मी, डॉक्टर रस नको म्हणालेत असं तूच सांगितलं होतंस ना? मग तूच का देतेस?"

"आत्याला विचार."

"आत्या दौंडला आहे. तू देतेस."

तिला म्हटलं, परीक्षा संपली ना, मग कांदा चिर. तिनं कांदा चिरला. पूर्ण वेळ माझ्याकडं बघत होती. पंधरा वर्षांची पोर — मला तिच्या नजरेला नजर देता आली नाही.

रिपोर्ट बाहेर काढला होता. पुन्हा ठेवला. उद्या सांगते.

१६ एप्रिल

नाही सांगितलं. रस मात्र दिला.

२१ एप्रिल

दुपारी कंपनीतून फोन. मशिनपाशीच घाम फुटला, डावा हात धरून खाली बसले. शिरूरला नेलं, तिथून ॲम्ब्युलन्सनं पुण्याला. मी आणि आसमीन मागच्या बाकावर. यांची बोटं गार होती. मी धरली. दीड महिन्यात पहिल्यांदा हात लावला यांना.

या अल्ला, वाचव. मला शिक्षा कर, पण वाचव.

२४ एप्रिल

वाचले. हृदयाची एक नळी पूर्ण बंद होती. फुगा घालून उघडली, आत स्प्रिंग बसवलीय.

इथल्या डॉक्टरांना एकटीनं गाठलं. रस किती प्यायचे ते सांगितलं. म्हणाले, "नुसत्या रसानं हार्ट अटॅक येत नाही, बाई. तंबाखू आहे, बीपी आहे, अंगात शुगर किती वर्षांची आहे कुणास ठाऊक. पण रसानं भर पडली असणार. महिनाभर आधी आला असता तर आपण आवरलं असतं."

महिनाभर नाही. एकोणीस दिवस. मला मोजता येतात.

२६ एप्रिल

आपा आल्या. वॉर्डाच्या दारातच माझ्या गळ्यात पडल्या. "मी तुला काय काय बोलले गं! पण तू माझ्या भावाचा रस एक दिवस चुकवला न्हाईस. शाहनवाज फोनवर सांगायचा मला." सगळ्या बायकांसमोर माझा हात कपाळाला लावला.

मी हात सोडवून घेतला.

१ मे

घरी आणलं. अनसाबाई भेटायला आल्या, "बाईंच्या सेवेनं वाचलं बघा माणूस." आपांनी पुन्हा मोसंबी आणलेली. मी म्हटलं, "रस नाही. फळ देऊ, एक. सोलून."

आपांनी पिशवी उचलून आत ठेवली. थोड्या वेळानं न्हाणीपाशी हळूच विचारलं, "निखत, माझ्यानं झालं का गं हे?"

तेव्हाच सांगायला हवं होतं — रिपोर्टचं, साड्यांच्या खालचं. मी गप्प राहिले. त्यांनी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. भिंतीला टेकून रडत होत्या, आणि मी बादली भरत होते. त्यांचंच ओझं होतं, वाहू दे त्यांना — असं मनात आलं. आलं, हेही लिहून ठेवते.

४ मे

आपा दौंडला गेल्या. आज यांना सगळं सांगितलं. रिपोर्ट उशाशी ठेवला, तारीख दाखवली. म्हटलं, मला माहीत होतं, तरी देत राहिले.

यांनी रिपोर्टाची घडी घातली. मग म्हणाले, "डॉक्टरांनी मला जानेवारीतच सांगितलं होतं, रस नको म्हणून. आपा एवढ्या लांबून पिशव्या घेऊन आली. तिच्या तोंडावर नको म्हणवेना."

"आणि आपा गेल्यावर? तेव्हा का प्यायलात?"

"तू आणून द्यायला लागलीस. मला वाटलं, तुझा राग गेला."